चाळीस शिंपले

शिंपल्याचा जन्म एका मुरुमातून झाला, हे संचिताने पुढे कुणालाच सांगितलं नाही. एलिनाला माहीत होतं, पण शेजारी राहून, एकाच वर्गात शिकून, एकाच बाकावर बसणाऱ्या एलिनापासून लपवायचं तरी काय आणि कुठे!

झालं असं होतं. एका रविवारी संचिताच्या नाकाच्या शेंड्यावर टपोरा मुरुम उगवला. तिने आईच्या जुन्या फोनवर गुपचूप उपाय शोधले. टूथपेस्ट, हळद, बर्फ, सगळं वाचलं. सोमवारी शाळेत सरांचा फोन काही केल्या प्रोजेक्टरला जोडला जाईना, तेव्हा पहिल्या बाकावरून ताडकन उठून "सर, माझा घ्या!" म्हणणारी कोण? तर हीच. सर ज्वालामुखी दाखवणार होते. पण ज्वालामुखीच्या आधी लागली जाहिरात, आणि पडद्यावर आलं सिंधुदुर्ग किल्ल्याएवढं एक नाक, त्यावर बुरुजाएवढा मुरुम. नववी ब मधली बेचाळीस डोकी आधी पडद्याकडे वळली, मग संचिताच्या नाकाकडे.

"गो, ज्वालामुखी हयच आसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

संचिताला एकच प्रश्न पडला: फोनला कसं कळलं? ती घरी आली आणि रडण्याऐवजी तिने वाचायला सुरुवात केली. (रडलीही थोडी, पण वाचता वाचता.) आपण एखादं पान उघडतो तेव्हा त्या पानाच्या पोटात दुसऱ्याच कुणाचातरी कोड बसलेला असतो, तो आपल्या फोनवर खूण करून ठेवतो आणि मग आपण जाऊ तिथे ती खूण ओळखत मागे फिरतो, हे तिला त्या आठवड्यात कळलं. तिचं डोकंच फिरलं. मांजरानेसुद्धा माशाच्या पाटीमागे इतकं फिरू नये!

आता गंमत अशी, की स्वतः संचिताचीही एक वेबसाइट होती. म्हणजे आईची. तारकर्लीत माडांच्या बागेत आईचं तीन खोल्यांचं न्याहारी निवास होतं, नाव 'माडाखाली'. बाबा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घर, बाग आणि खोल्या आई एकटी बघायची. संचिताने सुट्टीत व्हिडिओ बघून बघून तिला वेबसाइट करून दिली होती. त्यावर खोल्यांचे फोटो होते, फोन नंबर होता आणि सगळ्यात वर एक चौकट होती: 'आजची मासळी'. शाळेत जाण्याआधी संचिता किनाऱ्यावर एक चक्कर मारायची, समुद्राचा आणि मासळीचा एकेक फोटो काढायची आणि चौकटीत दोन ओळी लिहायची. 'आज पेडवे. समुद्र शांत, लवू काका नाही.'

तर या पानावर किती जण येतात, हे तिला हवं होतं. पण कुणाच्या मागे फिरायचं नव्हतं, खुणा करायच्या नव्हत्या, कुणाचं नाक बघायचं नव्हतं. मोजायचं, पण ओळखायचं नाही. कसं?

उत्तर तिला लवू काकांच्या टोपलीत सापडलं.

लवू काका गावचे मच्छीमार; त्यांची रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धगोल फिरून समुद्रात जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग माणसं दोन रांगा करून ते ओढतात. लवू काकांचा नियम एकच: दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा. गावातला असो, पुण्याहून फिरायला आलेला असो, कालच काकांशी भांडलेला असो. नाव विचारायचं नाही. हात लागला, की काका आपल्या टोपलीत एक शिंपला टाकणार. जाळं आलं, की जितके शिंपले तितके वाटे. वाटे वाटून झाले, की टोपली समुद्रात पालथी.

"काका, कोण कोण होतो ता लक्षात ठेवूचा नाय?" संचिताने विचारलं होतं.

"कित्याक? माका वाटे करूचे आसत गो, सोयरीक नाय जुळवूची."

झालं! त्या आठवड्यात संचिताने आपली लायब्ररी लिहायला घेतली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. जावास्क्रिप्टचा तयार कोड, जो कुणीही उचलावा आणि एका ओळीत आपल्या वेबसाइटला जोडावा. नाव ठेवलं 'शिंपला'. पान उघडलं, की शिंपला टोपलीला कळवणार, "एक हात लागला!" टोपली म्हणजे दूर कुठल्यातरी फुकट सर्व्हरवरचा तिचाच छोटा प्रोग्रॅम. तो रोज एक नवा गुप्त शब्द तयार करायचा, येणाऱ्याच्या फोनच्या इंटरनेट-पत्त्यात तो शब्द घुसळून एक शिंपला बनवायचा आणि पत्ता फेकून द्यायचा. तोच माणूस त्याच दिवशी पुन्हा आला तर तोच शिंपला बने, म्हणून दोनदा मोजला जात नसे. दिवस संपला, की गुप्त शब्दही फेकला. टोपली पालथी! कोण आलं होतं हे मग खुद्द संचितालाही कळायला मार्ग नव्हता.

आणि वजन? फक्त दीड केबी. तारकर्लीत माडाला टेकून उभं राहिलं तर रेंजची एक काडी येते, आणि त्या एका काडीवरसुद्धा 'माडाखाली' पटकन उघडायचं. संचिताने कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. आठवडाभरात कुणा अनोळखी माणसाने त्यातली एक चूक काढून दाखवली, तेव्हा ती इतकी खूश झाली, की चूक सुधारायच्या आधी एलिनाच्या घरी धावत गेली.

"तुका चूक काढल्याचो आनंद झालो?" एलिनाने विचारलं.

"गो, कोणीतरी वाचल्यान!"

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तिने जानेवारीचा आकडा काढला आणि स्वयंपाकघरात उडी मारूनच प्रवेश केला.

"आई! बाराशे चाळीस!"

"काय ता?" आई घावण्याचं पीठ ढवळत होती.

"माणसा! एका म्हयन्यात बाराशे चाळीस माणसांनी आपला पान बघितल्यानी!"

आईचा हात थांबला. आई, म्हणजे शेवंतीबाई, सहसा कशाने थांबत नसे. "आपल्या वाडीत तरी इतकी माणसा आसत?"

"वाडीत नाय, जगात!"

आई चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "मगे मी त्या कंपनीवाल्याक नाय म्हणान सांगतंय."

कंपनीवाल्याचं प्रकरण घरात महिनाभर चाललं होतं. किनाऱ्यावरची न्याहारी निवासं एकेक करून चालवायला घेणारी एक कंपनी होती. त्यांचा कौस्तुभ नावाचा माणूस दोनदा येऊन गेला होता. पाच वर्षांचा करार, तिन्ही खोल्या कंपनीच्या, भिंती निळ्या, पाटी बदलणार, घावण्यांच्या जागी ब्रेड-बटर. आईने फक्त दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची आणि चादरी धुवायच्या. आईला ते आवडलं नव्हतं, पण खोल्या रिकाम्या राहत होत्या आणि रिकाम्या खोलीला आवडनिवड परवडत नाही. येत्या रविवारी अकरा वाजता तो उत्तर घ्यायला येणार होता.

"बाराशे बघतत, तर बारा तरी येतली," आई म्हणाली. "माझा मी बघतंय." आणि तिने घावणं असं काही पसरलं, की तव्यावर जाळी जाळी सुंदर उमटली.

संचिता त्या दिवशी शाळेत चालत गेली नाही, तरंगत गेली. आपल्या दीड केबीने आईचं घर वाचवलं!

"बाराशे चाळीस," एलिनाने बाकावर बोटाने हिशेब केला. "आणि खोली घेतली कितक्यांनी?"

"सात."

"फक्त सात? बाकीचे काय फोटो चाटून गेले?"

"तुका जळता," संचिता म्हणाली आणि विषय संपवला.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर दोघी किनाऱ्याने घरी येत होत्या, तर लवू काकांची दुसरी रापण ओढायची चालली होती. पहिली पहाटेच झाली होती. दोघींनी दप्तरं वाळूत टाकली, गणवेशाच्या बाह्या वर केल्या आणि दोर धरला. टोपलीत टक्, टक्, दोन शिंपले पडले. समोर बाबुश होता, एलिनाचा मामा, "होऽऽ, ओढा रेऽऽ" करत सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा आणि सगळ्यांत कमी ओढणारा.

जाळं आलं, बांगडे उसळले, वाटे लागले. मुंबईहून आलेल्या एक बाई मोबाइलवर चित्रण करत होत्या. त्यांनी काकांना विचारलं, "किती लोक होते हो आज?"

"सकाळचे वीस शिंपले, आताचे वीस. चाळीस."

"बापरे, चाळीस लोक!"

काका हसले. "चाळीस वाटे म्हटलंय मॅडम, चाळीस लोक खंय म्हटलंय? सकाळचीच माणसा परत इली. ह्यो बाबुश बघा, सकाळी एक बांगडो घेऊन गेलो, आता दुसरो घेऊक इलो. एकच बाबुश, शिंपले दोन."

"तेतूर काय चुकला?" बाबुश म्हणाला. "मी दोनदा ओढलंय!"

"तू एकदाय ओढूक नाय, मेल्या. दोनदा वरडलंस."

सगळे हसले. संचिता सोडून. तिच्या हातातला बांगडा निसटून वाळूत पडला.

टोपली रोज पालथी. गुप्त शब्द रोज नवा. म्हणजे आज आलेला माणूस उद्या आला तर त्याचा नवा शिंपला. परवा आला तर अजून एक. तिने फोन काढला आणि जानेवारीचे रोजचे आकडे उघडले. चाळीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. चाळीस. चाळीस. महिनाभर असंच, ओळीने. किती छान सातत्य आहे, असं तिला वाटलं होतं. एकतीस गुणिले चाळीस.

"बाराशे चाळीस," ती पुटपुटली. "गो एलिना, ती बाराशे माणसा नायच. चाळीस बाबुश आसत!"

एलिनाला समजायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "आणि उद्या कंपनीवालो येतलो."

"आईन तेका नाय सांगूचा ठरवल्यान. माझ्या आकड्यावर." संचिताने वाळूतला बांगडा उचलला. नाकावरचा मुरुम परवडला. तेव्हा फक्त वर्ग हसला होता. इथे आईने तीन खोल्यांचं धाडस तिच्या शब्दावर केलं होतं.

घरी येऊन दोघी लॅपटॉपपुढे बसल्या. एलिना फार वेळ हळहळणारी मुलगी नव्हे. "आयक. कदाचित ती चाळीस माणसा एकदम भारी असतील. मोठी गिऱ्हायका. कोण ती बघूया."

"बघता येवचा नाय. मियाच तसा केलंय."

"कौस्तुभ सरांनी तुका तेंचो कोड पाठवल्यानी ना, वापरून बघ म्हणान? तो टाक. आज सांजेपर्यंत कळतला. कोण, खंयचो, फोन कुठलो, आदी काय बघी होतो."

ते खरं होतं. कंपनीचा कोड तिच्या मेलमध्ये पडून होता. एक ओळ. संचिताने ती उचलली आणि पानात चिकटवली. जतन करायच्या आधी सवयीने चाचणी घेतली. माडाला टेकवलेल्या फोनवर पान उघडायला लागलं... लागलं... लागतच राहिलं. गोल चक्र फिरत होतं. तेवढ्यात तिने, हा कोड काय काय उचलतो, ती यादी वाचली. यादी लांब होती. वाचता वाचता तिचा हात आपोआप नाकाकडे गेला.

त्या चाळिसांपैकी कुणी रात्री काय शोधलं असेल? गुडघ्याचं तेल? नोकरी? अजून काही? ते फक्त आजची मासळी बघायला आले होते.

तिने ओळ खोडली.

"मगे कसा कळतला?" एलिना वैतागली.

"विचारूया."

"कोणाक?"

"तेंकाच."

पण त्याआधी एक काम होतं, आणि ते अवघड होतं. आई मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती. संचिता तिच्यापुढे उकिडवी बसली आणि एका दमात सगळं बोलली. बाबुशसकट.

आईने ऐकलं. कोयता बाजूला ठेवला. "म्हणजे चाळीसच."

"चाळीसच. बहुतेक तीच तीच."

"बहुतेक?"

"नक्की माका सांगता येवचा नाय. आई, चुकलंय मी. तू उद्या तेका माझ्यामुळे नाय सांगू नको."

आईने साफ केलेला बांगडा धुऊन पाटीत टाकला. मांजर आलं, तेही बसलं. मग आई म्हणाली, "चाळीस जणा. रोज?"

"रोज."

"माझी सख्खी भयण कुडाळात आसा, ती म्हयन्यान एकदा फोन करता." आईने पुन्हा कोयता घेतला. "रोज कित्याक येतत ती?"

"ताच विचारूचा आसा."

'आजची मासळी'च्या खाली संचिताने चार ओळी लिहिल्या. तीनदा खोडून, चौथ्यांदा ठेवल्या. 'तुमच्यापैकी काही जण इथे रोज येता असं आम्हाला वाटतं. तुम्ही कोण, हे आम्हाला माहीत नाही आणि आम्ही गुपचूप शोधणारही नाही. पण सांगावंसं वाटलं तर खालच्या नंबरवर सांगा. नाही सांगितलंत तरी उद्याची मासळी कळेलच.' खाली आईचा नंबर.

पहिला निरोप अर्ध्या तासात आला. त्याच्या आवाजाने दोघी अशा दचकल्या, की लॅपटॉप पडता पडता वाचला. मस्कतहून एक नर्स, मूळची आरोंद्याची. 'ड्युटीवर जायच्या आधी मी रोज तुमचं पान बघते. आज समुद्र कसा आहे ते बघितल्याशिवाय माझा चहा गोड लागत नाही. बंद करू नका हं.'

मग डोंबिवलीच्या एका काकांचा निरोप आला, ज्यांना त्यांच्या बायकोने मासळीची चौकट रोज मोठ्याने वाचायला लावली होती. मग एका जहाजावरचा खानसामा. मग मडगावची एक म्हातारी मावशी, जिने लिहायच्या ऐवजी आवाज पाठवला: "बाय, तू काल पेडवे म्हटलंस आनी फोटोत दिसता ते तारले. म्हाका सगळा दिसता!" एलिना हसून हसून खाटेवरून खाली आली.

रविवारी सकाळी दहापर्यंत अकरा निरोप आले होते. बाकीचे एकोणतीस गप्प. आईने अकराही निरोप ऐकले, मडगावच्या मावशीचा दोनदा. वसईच्या एका कुटुंबाने शेवटी सहज विचारलं होतं: 'मे महिन्यात तिन्ही खोल्या दहा दिवस मिळतील का? आमचं गावचं घर पडलंय, मुलांना गाव दाखवायचाय. न्याहारीला घावणे असतात ना?' आणि मस्कतच्या नर्सने दिवाळीचं विचारलं होतं.

बरोबर अकराला कौस्तुभ सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. आईने त्यांना सोलकढी दिली आणि ऑफिसात बोलतात तसं नीट मराठीत बोलायला लागली, म्हणजे विषय गंभीर होता.

"तुमच्या मुलीने मेलमध्ये लिहिलंय, महिन्याला बाराशे लोक बघतात म्हणे," सर हसले. "चांगला आकडा आहे. आमच्याकडे आलात तर त्याचे पाच हजार करू."

"बाराशे नाहीत," आई म्हणाली. "चाळीस आहेत."

संचिताने मान खाली घातली. सरांनी सोलकढीचा पेला खाली ठेवला. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "मग तर ताई, सोपं आहे. चाळीस माणसांवर खोल्या भरत नाहीत. आणि ते चाळीस कोण, तेही तुम्हाला ठाऊक नाही. आमचा कोड असता तर आज त्यांची सगळी माहिती तुमच्याकडे असती."

"आणि तुम्ही बघताय, हे त्यांना माहीत असतं?"

"ते... खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

"हम्म." आईने फोन काढला. "यातल्या अकरा जणांनी स्वतःहून सांगितलंय. मोठ्या अक्षरात." आणि तिने मडगावच्या मावशीचा आवाज लावला. "म्हाका सगळा दिसता!" ओसरीभर घुमलं. सरांनासुद्धा हसू आवरलं नाही.

"मे महिन्याचे दहा दिवस गेले," आई म्हणाली. "बाकीचे महिने माझे मी बघते. एक वर्ष. पुढच्या फेब्रुवारीत खोल्या रिकाम्या असतील तर मीच तुम्हाला फोन करीन. तेव्हा भिंती निळ्या करा." मग तिचं मराठी संपलं. "पण घावणे मीच घालतलंय!"

सरांनी कागद परत पिशवीत ठेवला. रागावले मात्र नाहीत. जाताना त्यांनी संचिताला विचारलं, "तुझा कोड खरंच दीड केबी आहे? आमचा तीनशेच्या वर जातो." आणि फाटकापाशी माडाला टेकून ते बराच वेळ फोनमध्ये काहीतरी बघत उभे राहिले. रेंज मिळाली असावी.

दुपारी संचिताने शिंपल्यात एकच दुरुस्ती केली. आकड्यापुढे इतके दिवस 'माणसं' लिहिलेलं होतं. ते खोडून तिने 'शिंपले' लिहिलं. खाली बारीक नाही, चांगल्या ठळक अक्षरात जोडलं: 'रोज नवी टोपली. महिन्याची बेरीज म्हणजे माणसं नव्हेत. शंका आल्यास लवू काकांना विचारा.' जगभरात कुणी हा कोड उचलला तर त्याला लवू काका कोण हा प्रश्न पडणार होता. पडू दे. त्याने यावं तारकर्लीला.

सोमवारी सकाळी तिने समुद्राचा आणि मासळीचा फोटो टाकला, पेडवे आणि तारले यातला फरक दोनदा तपासून घेतला आणि शाळेत गेली. मधल्या सुट्टीत एलिनाने तिच्या खांद्यावरून डोकावून आजचा आकडा बघितला.

"बेचाळीस! गो, दोन वाढले!"

"एक मडगावच्या मावशीची भयण. तिनाच सांगितल्यान."

"आणि दुसरो?" एलिनाचे डोळे चमकले. "कौस्तुभ सर असतलो! पैज! बघ ना, कोण आसा तो!"

संचिताने फोन दप्तरात टाकला आणि डबा उघडला. घावणे होते.

"कोणय असो," ती म्हणाली. "दोराक हात लावल्यान ना? मगे झाला."